पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम बरोबर आहे, तरी बाहेरून जोडणी होत नाही

दिवेलागण (धागाकर्ता)

घरातल्या एका छोट्या संगणकावर मी कुटुंबाच्या छायाचित्रांचा सर्व्हर चालवतो. संगणकावर लिनक्स आहे, सर्व्हर ८४४३ या पोर्टवर (संगणकाच्या क्रमांकित दारावर) ऐकतो आणि घरातल्या वायफायवरून तो अगदी व्यवस्थित उघडतो. बाहेरगावी असलेल्या भावंडांना तो पाहता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून आलेली विनंती आतल्या ठरावीक संगणकाकडे पाठवण्याचा, नियम केला होता आणि दोन वर्षे तो विनातक्रार चालला. तीन आठवड्यांपूर्वी इंटरनेटची जोडणी बदलली. नव्या सेवा पुरवठादाराने स्वतःचे एक यंत्र बसवून दिले आणि मी माझा जुना राउटर त्याच्या मागे जोडला. त्या दिवसापासून बाहेरून काहीही उघडत नाही.

आतापर्यंत केलेले प्रयत्न असे आहेत. राउटरमधला नियम पुसून पुन्हा केला, टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धती निवडून पाहिल्या, राउटर मूळ स्थितीत आणून सगळ्या सेटिंग नव्याने भरल्या, संगणकावरची फायरवॉल बंद केली आणि पोर्ट बदलूनही पाहिला. पोर्ट तपासून देणारी संकेतस्थळे प्रत्येक वेळी ‘बंद’ असेच सांगतात. नियम मी अनेकदा ताडून पाहिला आहे : बाहेरचा पोर्ट ८४४३, आतला पत्ता १९२.१६८.१.५० आणि आतला पोर्ट ८४४३. नेमके कुठे अडते आहे ते कसे शोधावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

तारयंत्र

प्रश्न नीट मांडला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाईल. एक विनंती मात्र आहे : यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर तपासणी करा. चार गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झाले ते कळत नाही, आणि दोन दोष एकाच वेळी असतील तर एक दूर होऊनही परिणाम दिसत नाही. अशा वेळी माणूस बरोबर केलेला बदल चुकीचा समजून मागे घेतो.

बाहेरून आलेले पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) तुमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचताना पाच ठिकाणी अडू शकते : पुरवठादाराचे नेटवर्क, त्यांनी बसवलेले यंत्र, तुमचा राउटर, संगणकाची फायरवॉल आणि शेवटी खुद्द सर्व्हरचा प्रोग्रॅम. बहुतेक लोक तिसऱ्या ठिकाणीच दिवसच्या दिवस घालवतात, कारण सेटिंगचे पान तिथले उघडता येते. तुम्ही बाहेरून आत या क्रमाने या. त्यासाठी मला चार गोष्टी सांगा.

राउटरच्या स्थितीच्या पानावर वॅनचा म्हणजे बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता कोणता दिसतो? ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावर कोणता दिसतो? सर्व्हर कोणत्या पत्त्यावर ऐकतो आहे? ते पाहण्यासाठी लिनक्सवर ‘एसएस’ ही आज्ञा टी, एल, एन आणि पी या पर्यायांसह चालवावी. ८४४३ च्या आधी १२७.०.०.१ दिसले तर तो प्रोग्रॅम फक्त स्वतःच्याच संगणकाशी बोलतो आहे. ०.०.०.० दिसले तर सगळीकडून आलेली विनंती तो स्वीकारेल. आणि चौथी गोष्ट म्हणजे, तुम्ही चाचणी कुठून करता?

शेवटच्या प्रश्नाचे कारण असे. घरातल्या वायफायवर बसून स्वतःचाच बाहेरचा पत्ता उघडून पाहिला, तर पॅकेट राउटरपर्यंत जाऊन तिथूनच परत आत वळावे लागते. ही सोय अनेक राउटरांमध्ये नसते, त्यामुळे सगळे बरोबर असूनही चाचणी फसते. फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासा, आणि नकार लगेच येतो की बराच वेळ वाट पाहून प्रयत्न संपतो, तेही लिहा. लगेच नकार आला तर पॅकेट कुठल्या तरी यंत्रापर्यंत पोहोचले आणि त्याने नाही म्हटले, असा अर्थ बहुधा असतो. नुसतीच वाट पाहावी लागली तर ते वाटेत कोणीतरी गुपचूप टाकून दिले आहे, किंवा उत्तर परत येत नाही.

कोरी_पाटी

माझ्याकडे असेच झाले होते. राउटरमध्ये डीएमझेडचा पर्याय असतो, तिथे संगणकाचा पत्ता टाकला आणि संगणकाची फायरवॉल बंद ठेवली की सगळे चालू झाले. इतके तपासत बसण्याची गरज पडली नाही.

उंबरठा

कोरी_पाटी, हा उपाय तुमच्याकडे चालला हे मान्य आहे, पण तो तसाच ठेवला असेल तर कृपया आजच काढा. डीएमझेडमध्ये टाकलेल्या संगणकाकडे बाहेरून आलेले, कोणी न मागितलेले प्रत्येक पॅकेट जाते, मग पोर्ट कोणताही असो. वर फायरवॉलही बंद असेल तर फाइल शेअरिंग, दूरस्थ डेस्कटॉप, छपाईची सेवा, जे जे त्या संगणकावर ऐकत असेल ते सगळे जगासमोर उघडे पडते. एक खिडकी उघडायची होती आणि आपण भिंतच काढली, असे ते होते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (बळकावलेल्या यंत्रांच्या जाळ्याने) घरगुती कॅमेरे आणि राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले, तेव्हा त्यासाठी त्याला कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड पुरले होते. उघडा पोर्ट शोधत सतत फिरणारे प्रोग्रॅम आजही आहेत आणि त्यांना तुमचा पत्ता कोणी सांगावा लागत नाही.

दिवेलागण, तुम्हीही संगणकाची फायरवॉल पुन्हा चालू करा आणि तिच्यात फक्त ८४४३ ला वाट द्या. चाचणीपुरती पाच मिनिटे बंद ठेवणे वेगळे आणि विसरून जाणे वेगळे.

दिवेलागण

फायरवॉल चालू केली आणि ८४४३ ची परवानगी दिली. आता उत्तरे. सर्व्हर ०.०.०.० वर ऐकतो आहे. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता १९२.१६८.०.१४ असा दिसतो, आणि बाहेरच्या संकेतस्थळावर पूर्णपणे वेगळा पत्ता येतो. मोबाइल डेटावरून बराच वेळ वाट पाहावी लागते आणि मग प्रयत्न संपतो. आधीच्या सगळ्या चाचण्या मी वायफायवरूनच केल्या होत्या, हे कबूल करतो.

तारयंत्र

पहिला दोष सापडला. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता खासगी असतो. १० ने सुरू होणारे सगळे आणि १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे पत्तेही त्याच वर्गातले, आणि यांपैकी एकही पत्ता इंटरनेटवरून गाठता येत नाही. तुमच्या राउटरच्या बाहेरच्या बाजूला असा पत्ता आहे, याचा अर्थ त्याच्या पुढचे यंत्रसुद्धा राउटरचेच काम करते आहे. अनेक उपकरणांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणे म्हणजे नॅट, आणि ते इथे दोनदा होते म्हणून याला डबल नॅट म्हणतात. बाहेरून आलेले पॅकेट आधी पुढच्या यंत्रावर येते, तिथे कोणताही नियम नाही, त्यामुळे ते तिथेच टाकले जाते आणि तुमच्या राउटरमधल्या नियमापर्यंत गोष्ट येतच नाही.

यावर दोन सरळ मार्ग आहेत. पुढचे यंत्र ब्रिज मोडमध्ये ठेवायचे, म्हणजे ते नुसती तार पुढे करते आणि बाहेरचा पत्ता थेट तुमच्या राउटरला मिळतो. नाहीतर दोन्ही ठिकाणी नियम करायचे : पुढच्या यंत्रावर ८४४३ तुमच्या राउटरकडे आणि राउटरवर ८४४३ संगणकाकडे. डीएमझेडचा रास्त उपयोग खरे तर इथे आहे, कारण पुढच्या यंत्राच्या डीएमझेडमध्ये तुमचा राउटर टाकला तर त्याची स्वतःची फायरवॉल मागे शाबूत राहते.

पण हे करण्याआधी पुढच्या यंत्राच्या पानावर जाऊन त्याचा वॅनचा पत्ता पाहा. तिथेही अडचण असेल तर ही सगळी मेहनत वाया जाईल.

दिवेलागण

पाहिला. तो १००.७२ ने सुरू होतो. तुम्ही दिलेल्या खासगी पत्त्यांच्या यादीत हा बसत नाही, म्हणजे हा खरा बाहेरचा पत्ता समजावा का?

तारयंत्र

नाही, आणि अनेक जाणकारही इथेच फसतात. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ साली खास सेवा पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आला. तुमच्या घरात जसा एक राउटर सगळ्या उपकरणांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतो, तसेच पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतो. त्याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा, त्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच. जागतिक साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. त्यानंतर नवे ग्राहक जोडायचे तर पत्ते वाटून घेण्यावाचून पुरवठादारांना फारसा पर्याय उरला नाही.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, बाहेरून येणारे पॅकेट पुरवठादाराच्या यंत्रावरच थांबते, आणि तिथे नियम लिहिण्याचा अधिकार तुम्हाला नाही. घरातली कोणतीही सेटिंग बदलून हे सुटणार नाही. पुरवठादाराला फोन करून सीजीनॅटमधून बाहेर काढून पब्लिक आयपी द्यावा, असे नेमक्या शब्दांत सांगा. तो कायमचा, म्हणजे स्टॅटिक, असण्याची गरज नाही. बदलता असला तरी डायनॅमिक डीएनएसने, म्हणजे बदलत्या पत्त्याला एक कायमचे नाव जोडणाऱ्या सेवेने, काम भागते. त्यांनी नकार दिला तर बाहेर एखादा भाड्याचा सर्व्हर घेऊन घरातूनच त्याच्याकडे बोगदा काढावा लागेल, किंवा आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी, कितीतरी मोठी पद्धत वापरावी लागेल.

सायंतारा

आयपीव्ही६ बद्दल माझा अनुभव जोडते. माझ्याकडेही सीजीनॅट आहे, पण आयपीव्ही६ मिळते, त्यामुळे मी त्यावरूनच घरी पोहोचते. तिथे नॅट नसल्याने पोर्ट फॉरवर्डिंग करावे लागत नाही. मात्र राउटरची फायरवॉल बाहेरून सुरू होणारी जोडणी अडवते, तिच्यात त्या संगणकासाठी आणि त्या पोर्टसाठी परवानगी द्यावीच लागते. संगणक बाहेर जाताना तात्पुरता पत्ता वापरतो आणि तो ठरावीक काळाने बदलतो, त्यामुळे परवानगी देताना स्थिर असलेला दुसरा पत्ता निवडावा. आणि ज्या नेटवर्कवरून आपण घरी जोडू पाहतो, तिथेही आयपीव्ही६ असावे लागते. ते प्रत्येक ठिकाणी नसते.

दिवेलागण

चार दिवसांनी लिहितो आहे. पुरवठादाराने पब्लिक आयपी दिला, त्यासाठी दोनदा बोलावे लागले. त्यांच्याच माणसाने पुढचे यंत्र ब्रिज मोडमध्ये टाकले आणि आता माझा राउटर थेट जोडणी करतो. राउटरच्या पानावरचा वॅनचा पत्ता वर सांगितलेल्या एकाही पट्ट्यात बसत नाही. तरीही बाहेरून उघडत नाही. मोबाइल डेटावरून पुन्हा तीच लांबलचक वाट पाहणे. आता मात्र धीर सुटत चालला आहे.

आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. लॅपटॉपवरून ‘माझा आयपी कोणता’ पाहिले तर राउटरच्या पानावरचाच पत्ता येतो. तेच त्या छोट्या संगणकावरून पाहिले तर वेगळा पत्ता येतो. दोन्ही एकाच राउटरला जोडलेले आहेत.

तारयंत्र

धीर सोडू नका, तुमच्या शेवटच्या चार ओळींत बहुधा उत्तर आहे. पण अंदाजावर न जाता आधी डोळ्यांनी पाहू. छोट्या संगणकावर येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा ‘टीसीपीडंप’ हा प्रोग्रॅम चालवा आणि फक्त ८४४३ पोर्ट पाहायला सांगा. तो चालू ठेवून फोनच्या मोबाइल डेटावरून दोन चाचण्या करा : एकदा तुमच्या डायनॅमिक डीएनएसच्या नावाने आणि एकदा राउटरच्या पानावरचा आकडी पत्ता टाकून. हा प्रोग्रॅम आलेले पॅकेट फायरवॉलच्या आधी पाहतो, त्यामुळे फायरवॉल त्याला पुढे अडवत असली तरी ते इथे दिसेल.

दिवेलागण

नावाने उघडले तेव्हा पडद्यावर एकही ओळ आली नाही. आकडी पत्ता टाकला तेव्हा ओळी आल्या! फोनकडून जोडणी सुरू करण्याचे पॅकेट आले, १ सेकंदाने तेच पुन्हा आले, मग २ सेकंदांनी, मग ४ सेकंदांनी. माझ्या संगणकाकडून एकही उत्तर गेलेले दिसले नाही.

तारयंत्र

म्हणजे पुरवठादार, राउटर आणि तुमचा नियम, तिन्ही आता निर्दोष आहेत. पॅकेट संगणकाच्या दारापर्यंत येते आहे. फोनला उत्तर मिळत नाही म्हणून तो थांबण्याचा काळ दुप्पट करत पुन्हा पुन्हा विचारतो, तेच तुम्ही पाहिले.

आता सांगा, त्या संगणकावर व्हीपीएन (वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारा बोगदा) चालू आहे का? एकाच राउटरमागचे दोन संगणक बाहेर दोन वेगळे पत्ते दाखवतात, तेव्हा त्यांपैकी एकाची वाहतूक दुसऱ्या वाटेने जात असते.

दिवेलागण

आहे. जोडणी बदलली त्याच आठवड्यात मी तो बसवला होता आणि तो सुरुवातीलाच आपोआप चालू होतो. त्याचा याच्याशी संबंध असेल, असे मनातही आले नाही. आत्ता बंद करून पाहिला आणि आकडी पत्त्याने मोबाइल डेटावरून छायाचित्रांचे पान पहिल्या झटक्यात उघडले. नावाने मात्र अजूनही उघडत नाही.

तारयंत्र

दोन्हींचे मूळ एकच आहे.

व्हीपीएन चालू होतो तेव्हा तो संगणकाची बाहेर जाण्याची मुख्य वाट स्वतःकडे वळवतो. घरातला लॅपटॉप विनंती करतो, तेव्हा उत्तर त्याच नेटवर्कमध्ये द्यायचे असल्याने ते थेट जाते, म्हणून घरात सगळे चालत होते. बाहेरच्या फोनची विनंती राउटरकडून आली, पण उत्तर ‘बाहेर’ पाठवायचे म्हणून संगणकाने ते व्हीपीएनच्या बोगद्यात टाकले. तिथून ते फोनपर्यंत गेलेच नाही, आणि गेले असते तरी ज्या पत्त्याला फोनने विचारले त्याच्याकडून ते आलेले नसल्याने फोनने ते मानले नसते. काही ठिकाणी लिनक्स असे पॅकेट आत येतानाच टाकून देते, कारण ज्या वाटेने उत्तर जाणार त्या वाटेने ते आलेले नसते.

नावाचे कारणही तिथेच आहे. डायनॅमिक डीएनएसचा प्रोग्रॅम बहुधा त्याच संगणकावर असेल. तो बाहेरच्या संकेतस्थळाला स्वतःचा पत्ता विचारतो आणि नावापुढे तोच नोंदवतो. व्हीपीएन चालू असताना त्याने व्हीपीएनच्या सर्व्हरचा पत्ता नोंदवला, म्हणून भावंडांच्या विनंत्या तुमच्या घराकडे येतच नव्हत्या. हे काम संगणकाकडून काढून राउटरकडे द्या. बाहेरचा पत्ता कोणता, हे राउटरला कोणाला विचारावे लागत नाही.

व्हीपीएन ठेवायचाच असेल तर लिनक्सच्या ‘आयपी रूल’ ने असे सांगता येते की, १९२.१६८.१.५० या पत्त्यावरून निघणाऱ्या पॅकेटसाठी वेगळा मार्गतक्ता वापर. त्या तक्त्यात घरच्या नेटवर्कची एक नोंद आणि राउटरकडे जाणारी मुख्य वाट, अशा दोन नोंदी ठेवा. बाहेरून आलेल्या विनंतीचे उत्तर त्याच पत्त्यावरून निघते, म्हणून ते राउटरकडे जाईल. संगणकाने स्वतःहून सुरू केलेली जोडणी पूर्वीसारखीच व्हीपीएनने जाईल. शिवाय राउटरच्या डीएचसीपीमध्ये (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सोयीत) हा पत्ता त्या संगणकासाठी राखून ठेवा, नाहीतर एखाद्या दिवशी वीज जाऊन आली की संगणकाला दुसरा पत्ता मिळेल आणि नियम रिकाम्या जागी बोट दाखवत राहील.

सायंतारा

थोडे जवळचे विचारते. माझा भाऊ वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रॅमसाठी यूडीपीचा ५१८२० हा पोर्ट फॉरवर्ड करतो आहे. तपासणारी संकेतस्थळे ‘बंद’ सांगतात, तर त्याच्याकडेही असेच काही असेल का?

तारयंत्र

त्या चाचणीवर विसंबू नये. बहुतेक संकेतस्थळे फक्त टीसीपी तपासतात. शिवाय वायरगार्ड अनोळखी किल्लीच्या पॅकेटला काहीच उत्तर देत नाही, त्यामुळे बाहेरच्या परक्याला तो कायम बंदच भासतो. प्रत्यक्ष फोनवर वायरगार्ड लावून, मोबाइल डेटावरून जोडून, शेवटच्या हस्तांदोलनाची (दोन्ही बाजूंनी एकमेकांना ओळखल्याची) वेळ पुढे सरकते का ते पाहावे.

उंबरठा

आणि हाच गुण दिवेलागण यांच्या कामाचा आहे. भावंडे मोजकी आहेत आणि सगळी ओळखीची आहेत. प्रत्येकाच्या फोनवर वायरगार्ड बसवून दिला तर ८४४३ जगासाठी उघडा ठेवण्याची गरज राहत नाही. सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये उद्या एखादी त्रुटी सापडली तरी बाहेरचा माणूस तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. उघड्या पोर्टच्या लॉगमध्ये कोण कोण डोकावते ते एकदा पाहा, म्हणजे मी एवढा आग्रह का धरतो आहे ते कळेल.

दिवेलागण

लॉग पाहिला. पोर्ट खऱ्या अर्थाने उघडल्यापासून एका रात्रीत अनोळखी पत्त्यांवरून डझनभर विनंत्या आल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक माझ्याकडे नसलेल्याच पानांसाठी होत्या. ८४४३ चा नियम काढून टाकला आहे.

आता फक्त यूडीपीचा ५१८२० फॉरवर्ड केला आहे आणि वायरगार्ड त्याच छोट्या संगणकावर आहे. पत्ता डीएचसीपीमध्ये राखला, डायनॅमिक डीएनएस राउटरकडे दिले आणि वेगळ्या मार्गतक्त्याच्या दोन्ही नोंदी संगणक सुरू होताना आपोआप लागतात. काल रात्री मुद्दाम राउटर बंद करून चालू केला. बाहेरचा पत्ता बदलला, काही मिनिटांत नावापुढे नवा पत्ता आला आणि दोन्ही भावंडांची जोडणी माझा जुना व्हीपीएन चालू असतानाही लागली.

नंतर वाचणाऱ्यांसाठी एक दुरुस्ती. दुसऱ्या प्रतिसादात बाहेरच्या संकेतस्थळावर दिसणारा म्हणून जो पत्ता मी पाहिला होता, तो छोट्या संगणकावरूनच पाहिला होता, म्हणजे तो पुरवठादाराचा नसून व्हीपीएनचा होता. अशी तुलना करायची असेल तर व्हीपीएन नसलेल्या यंत्रावरून करावी.